भावाचं हक्कसोडपत्र

चूक पहिल्याच फोनवर झाली. मांजरीहून धाकट्या भावाचा, दिग्विजयचा फोन आला. कॅनॉलकडेचं वावर बिल्डरला द्यायचं जमत आलंय, त्याआधी घरातलं हक्कसोडपत्र उरकून घ्या असं आप्पा, म्हणजे चुलते, म्हणतायत, तर सही करशील ना, असं त्यानं विचारलं. समर्थ कोथरूडच्या सिग्नलला स्कूटर एका पायावर तोलून उभा होता. "करतो की," तो म्हणाला. सही कुठल्या नावानं करायची, हे त्यानं विचारलं नाही आणि दिग्विजयनं सांगितलं नाही. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजायला लागले, फोन खिशात गेला. दोघे भाऊ आपापल्या समजुतीनं खूश.

मांजरी महापालिकेत येऊन काही वर्षं झाली. उसाच्या जागी टॉवर आले, बैलगाडीच्या वाटेवर डिव्हायडर आला. हक्कसोडाची रीत मात्र जिथल्या तिथं आहे. बाप गेला की सातबाऱ्यावर वारस म्हणून सगळ्यांची नावं लागतात, मुलींचीही. कायद्यानं मुलीचा वाटा मुलाएवढाच, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच तर जमीन विकायची वेळ आली की आधी बहिणींना बोलावणं जातं. त्या येतात, जेवतात, रजिस्टर कचेरीत जाऊन भावाच्या लाभात हक्क सोडून देतात. भाऊ साडी नेसवतो. माहेरचं दार उघडं राहतं. जी सही करत नाही तिच्याविषयी लग्नाकार्यात पंगतीच्या टोकाला दबक्या आवाजात बोललं जातं, आणि तिला ऐकू जाईल एवढाच तो आवाज दबका असतो.

ज्ञानदेव कामठे वारल्यावर त्यांच्या वावराच्या उताऱ्यावर तीन नावं लागली होती. पत्नी शकुंतला, मुलगा दिग्विजय, मुलगी ऋतुजा. यातली ऋतुजा म्हणजे समर्थ. तो दिग्विजयहून मोठा. बाप असतानाच त्यानं घर सोडून कोथरूडला खोली घेतली होती आणि एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची नोकरी धरली होती. पुढं औषधोपचार झाले, शस्त्रक्रिया झाली, जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र हातात पडलं, त्यावर लिंग पुरुष असं आलं. राजपत्रात नवं नाव छापून आलं, समर्थ ज्ञानदेव कामठे. आता आधार कार्ड तेवढं राहिलं होतं, आणि पॅन, बँक, लायसन्स ही बाकीची सगळी वरात त्या एका कार्डामागे खोळंबली होती.

आधारच्या दुरुस्तीचा अर्ज प्रक्रियेत होता. समर्थ ते फोनवर रोज उघडून बघायचा. सकाळी दात घासताना, लिफ्टमध्ये, नकाशाची प्रिंट निघेपर्यंत, जेवताना डाव्या हातानं. बघून काही बदलत नाही हे कळत असूनही अंगठा आपोआप तिकडं जायचा. अर्धी कागदपत्रं इकडं आणि अर्धी तिकडं, अशा अवस्थेत माणसाला एका जागी बसवत नाही. बँकेतून फोन यायचा, ऋतुजा मॅडम आहेत का. तो हो म्हणायचा, आणि त्याचा खर्जातला आवाज ऐकून पलीकडची बाई फसवणुकीचा संशय घेऊन फोन ठेवून द्यायची. तो परत लावायचा. मग दुसरी बाई फोन ठेवायची.

पुढच्या आठवड्यात दिग्विजय स्वतःच कोथरूडला आला. खोलीवर यायला तो तयार नव्हता, म्हणून दोघं कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये बसले. त्यानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कागद काढून टेबलावर ठेवला आणि त्यावर चहाचे थेंब पडू नयेत म्हणून कप स्वतःच बाजूला सारला. समर्थनं पहिली ओळ वाचली. लिहून देणार, ऋतुजा ज्ञानदेव कामठे, स्त्री.

"हे काय?"

"मसुदा. आप्पांच्या वकिलानं केलाय."

"यात ऋतुजा आहे."

"मग उताऱ्यावर काय आहे?"

दिग्विजयचं म्हणणं सरळ होतं. बिल्डरनं नोंदणीची तारीख घेतली आहे. उताऱ्यावर जे नाव तेच दस्तावर हवं, नाहीतर वकील शंका काढतात. तेव्हा एवढी एक सही होईपर्यंत आधारचं काम थांबवून ठेव. समर्थ म्हणाला, अर्ज गेला आहे, तो थांबवता येत नाही, आणि थांबवता आला असता तरी थांबवला नसता.

"एका सहीनं काय होतंय?" दिग्विजय म्हणाला. "तेवढी जुन्या नावानं कर. मग तुला काय व्हायचं ते हो."

"झालोय," समर्थ म्हणाला. "व्हायचं काही राहिलेलं नाही."

दिग्विजय तसा वाईट नव्हता. बापाच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बाकावर तोच झोपला. समर्थच्या ऑपरेशननंतर एकदा डबा घेऊन आला आणि दारातूनच देऊन गेला. डब्यात खिचडी होती आणि वरून तूप निराळं बांधून आणलं होतं. पण भावकीत त्याला रोज राहायचं होतं, आणि समर्थच्या विषयावर भावकीत त्याला जे ऐकावं लागे ते तो कधी घरी सांगत नसे. आत्ताही त्यानं फक्त कागद परत फोल्डरमध्ये सरकवला आणि आपण चुलत्यांना शब्द दिलाय एवढंच सांगितलं. तू हो म्हणाल्यावरच दिला, हेही सांगितलं.

समर्थला त्या दिवशी कामावर बसवेना. अर्धी रजा टाकून तो शिवाजीनगरला ॲडव्होकेट नूरबानू तांबोळी यांच्याकडे गेला. त्याचं नाव बदलण्याचं प्रतिज्ञापत्र त्यांनीच केलं होतं. बाई पन्नाशीच्या, बोलायला तुटक, आणि अशिलाला बसा म्हणायच्या आत कागद मागणाऱ्या. समर्थनं अमृततुल्यमध्ये टिपून घेतलेला मसुद्याचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"तुम्ही शपथेवर सांगितलंय, हे नाव मी सोडलं. आता शपथेवरच सांगणार, हेच माझं नाव. पुढंमागं कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर तुमचं सगळं प्रकरण पुन्हा उघडेल. शिवाय तिथं वेबकॅमसमोर बसून फोटो आणि अंगठा द्यावा लागतो. दाढीवाली ऋतुजा बसणार का? ऑपरेटर आंधळा नसतो, कंटाळलेला असतो. त्यात फरक आहे."

मग काय करायचं, असं त्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, सोपं आहे. आधार बदलून आलं की दस्त समर्थच्या नावानं करायचा, पूर्वीचं नाव तेवढं एकदा लिहायचं आणि राजपत्र व प्रमाणपत्र मागे जोडायचं. त्यांनी तिथंच नवा मसुदा टाइप करायला घेतला. दुसऱ्या परिच्छेदाशी त्यांचा हात थांबला.

"पण सोडताय कशासाठी?"

"भाऊ आहे."

"तुम्हीही त्याचे भाऊच आहात ना? मग तो का नाही सोडत?"

जमीन त्याला नको होती, हे खरं होतं. त्याला एखाद्या रविवारी मांजरीला जाऊन ओट्यावर बसून जेवता यावं, एवढंच हवं होतं. पण सिग्नलला उभं राहून किती सहज "करतो की" म्हणालो, हे त्याला आता टोचायला लागलं. ते सहजपण कुणी शिकवलं होतं? आत्या आल्या की त्या कशा सह्या करून, डोळे पुसून, पुरणपोळी खाऊन जातात हे त्यानं लहानपणी फ्रॉक घालून मांजरीच्या घरात बघितलं होतं. नाव बदललं, आवाज बदलला, आणि ते एक तसंच आत राहून गेलं होतं. बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. अशील सांगेल तसा मसुदा, असं म्हणून त्या पुढं टाइप करत राहिल्या.

आई त्याच आठवड्यात बसनं कोथरूडला आली. शकूबाई महिन्यातून एकदा अशी यायची, पिशवीत मेथी आणि घेवडा घेऊन, आणि देवळात गेले होते असं घरी सांगायची. भाजी निवडता निवडता तिनं विषय काढला. तिचं म्हणणं दिग्विजयहून वेगळं नव्हतं, पण कारण वेगळं होतं. तिनं स्वतः थेऊरला आपल्या भावांना हक्क सोडून दिला होता, आणि तेव्हापासून दर दिवाळीला भावाची गाडी तिला न्यायला येत होती. तिच्या धाकट्या बहिणीनं सोडला नाही. ती बहीण त्या घरात पुन्हा गेली नाही, अगदी आई वारली तेव्हाही परस्पर स्मशानातूनच परतली.

"पोरगी म्हणून सही कर," ती म्हणाली. "मग तुला कुणी आडवणार न्हाय. पोरगा म्हणून हुभा राहिलास तर ती वाटणी झाली. आन् वाटणीत दारं बंद व्हत्यात."

"मी वाटणी मागतच नाही, आई. सोडतोच आहे. फक्त माझ्या नावानं सोडतो."

शकूबाईनं मेथीची दुसरी जुडी सोडून निवडायला घेतली. तिला यातली मेख दिसली होती बहुतेक. जाताना म्हणाली, तुझे आप्पा काय म्हणत्यात ते बघू.

समर्थ त्या रात्रीपासून एकच हिशेब मांडत राहिला. आधार वेळेत आलं तर समर्थ म्हणून सही करता येईल, नाव स्वच्छ राहील आणि घरही राहील. नाही आलं तर दोन्हींतलं एक जाईल. त्याच्या ऑफिसमधल्या शेजारणीनं, सुहानानं, त्याला सांगून टाकलं की तुझा पाय टेबलाखाली एवढा हलतो की माझ्या रेषा वाकड्या येतायत. तो मग उठून जिन्यात उभा राहून फोन बघायला लागला.

नोंदणीच्या आदल्या दुपारी तो असाच जिन्यात होता. प्रक्रियेत हा शब्द गेलेला होता. त्यानं पान बंद करून पुन्हा उघडलं, मग कार्ड उतरवून घेतलं. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, पुरुष बरोबर. फोटो वाईट होता, पण तो सगळ्यांचाच असतो. त्यानं ते नूरबानूंना पाठवलं आणि दिग्विजयलाही पाठवलं, नवा मसुदा जोडून. बाईंचं उत्तर आलं, ठीक. दिग्विजयनं वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही.

रजिस्टर कचेरी एका व्यापारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती. खाली पार्किंगमध्ये झेरॉक्सवाले, स्टॅम्पवाले आणि एकमेकांकडे न बघणारी कुटुंबं. समर्थ पोचला तेव्हा आई एका दुकानाच्या पायरीवर पदर डोक्यावर घेऊन बसली होती. दिग्विजय बिल्डरच्या माणसाशी बोलत होता. आणि चुलते, बजरंग कामठे, पांढऱ्या टोपीत, समर्थच्या मसुद्याची प्रिंट हातभर लांब धरून वाचत होते. समर्थनं वाकून नमस्कार केला. आप्पांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

नूरबानू आल्या, त्यांनी सगळी कागदपत्रं बिल्डरच्या वकिलाला दाखवली. वकिलानं राजपत्र चाळलं, प्रमाणपत्र चाळलं, आधारवरचा कोड फोनवर तपासला आणि आपल्याला चालेल म्हणाला. समर्थनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा खोल श्वास घेतला. आता सही करायची आणि मांजरीला जायचं. त्यानं पेनही काढलं.

"हे असं न्हाय चालायचं," आप्पा म्हणाले.

नूरबानूंनी विचारलं, कायद्यानं काय अडचण आहे. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते दिग्विजयशी बोलत होते.

"यात काय लिवलंय वाच. भावानं भावाच्या लाभात हक्क सोडला. आपल्या भावकीत भाऊ कधी हक्क सोडतो का? भयनीनं सोडला तर ती रीत झाली. भावानं सोडला तर लोक काय म्हणतील? दिग्यानं थोरल्याला लुबाडला, उघडा करून हाकलला. पोरीच्या सोयरिकीला तुझ्या दारात कोण येईल?"

दिग्विजयची पोरगी तेव्हा बालवाडीत होती. पण मुद्दा सगळ्यांना समजला. मग आप्पांनीच तोड काढली. ऊर्फ टाका, ते म्हणाले. ऋतुजा ऊर्फ समर्थ. माझ्या स्वतःच्या उताऱ्यावर बजरंग ऊर्फ आप्पा आहे, काय बिघडलं माझं? बहिणीची सही बहिणीच्या नावानं होते, आणि मागचं नाव ज्याला वाचायचं तो वाचेल.

सगळे समर्थकडे बघायला लागले. बिल्डरचा माणूस घड्याळाकडे बघत होता. आई पायरीवरून उठली होती. तिच्या तोंडावर जे होतं ते समर्थला वाचता आलं. घे बाबा, घे, एवढं एक घे आणि घरी चल.

त्यानं ते खरोखर तोलून बघितलं. एक लहानसा शब्द मध्ये टाकला की आज दुपारी मांजरीत जेवण होतं. पण मग आप्पांच्या, गावाच्या आणि सरकारच्या दप्तरी ऋतुजा जिवंत राहणार होती, खरं नाव तिचं, आणि तो तिच्या मागे लावलेला.

"नाही आप्पा," तो म्हणाला. "ऊर्फ नको. समर्थ म्हणून म्हणाल तर आत्ता सही करतो, पूर्ण वावर सोडतो. नाहीतर सहीच नाही."

"मंजी अडवतोस."

"अडवत नाही. देतोय. तुम्ही घेत नाही."

आप्पांनी टोपी काढली, परत घातली आणि दिग्विजयला म्हणाले, आता तूच सांग काय करायचं ते. हा तुझा काय लागतो ते ठरव. भाऊ लागत असंल तर ह्याच्याकडनं हक्क घेऊन मला तोंड दाखवू नगंस. भयीण लागत असंल तर हिला समजाव.

दिग्विजय पार्किंगच्या खांबाशी जाऊन उभा राहिला. फोल्डर एका हातातून दुसऱ्या हातात, पुन्हा पहिल्यात. समर्थला वाटलं, त्याच्याजवळ जावं. पण तो गेला नाही. इतकी वर्षं तो स्वतःविषयी लोकांना सांगत, पटवत, कागद दाखवत फिरला होता. इथं दाखवायला आणखी कागद नव्हता.

बऱ्याच वेळानं दिग्विजय परत आला तो थेट बिल्डरच्या वकिलासमोर.

"हक्कसोडपत्र राहू द्या," तो म्हणाला. "करारात तिघांची नावं घ्या. आई, हा आणि मी."

वकिलाला जराही नवल वाटलं नाही. त्यानं लॅपटॉप उघडून दुसरा मसुदा काढला, तिघांचा, तयारच होता. भावकीवर विश्वास ठेवून हा धंदा करता येत नाही, असं तो नूरबानूंना हळूच म्हणाला. त्यात फक्त ऋतुजाच्या जागी समर्थ घालायचं होतं. आप्पा आपल्या बुलेटकडे गेले. त्यांनी ती उगाच दोनतीनदा रेस केली आणि निघून गेले.

सगळं नव्यानं भरून होईपर्यंत दुपार कलली. वर एका मागून एक नावं पुकारली जात होती. खुर्चीवर बसायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, अंगठा द्यायचा, सही करायची, उठायचं. ऑपरेटरनं समर्थकडे मान वर करून बघितलंही नाही. चष्मा काढा, म्हणाला. चष्मा नव्हताच. ऑपरेटर म्हणाला, बरं, मग असू द्या. समर्थनं सही केली. उठताना त्याच्या लक्षात आलं, ज्या जमिनीवर पाणी सोडायला आपण आलो होतो, तिचे आता आपण या नावानं वाटेकरी झालो आहोत, आणि आपल्याला हे मागायचं नव्हतं. मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. घरी जेवायला कुणी बोलावलं नव्हतं.

खाली आल्यावर आई दिग्विजयच्या गाडीत बसली. तिनं काच खाली केली आणि समर्थकडे नुसतं बघितलं. रागानं की भीतीनं, ते तिलाही सांगता आलं नसतं. दिग्विजय स्टिअरिंगवर हात ठेवून थांबला होता. मग तो काचेतून बाहेर वाकला.

"रविवारी आप्पांच्या ओट्यावर बैठक होणार. सगळी भावकी येणार. मला सोलून काढतील आज जे केलं त्याच्याबद्दल."

"माझ्यामुळं," समर्थ म्हणाला.

"मग तूही ये. भाऊ आहेस ना? अर्ध्या शिव्या तुझ्या. मी एकट्यानं का खाऊ?"

समर्थनं विचारलं, किती वाजता. दिग्विजय म्हणाला, दहाला, पण तू जरा आधी ये, आपण दोघं एकदम आत जाऊ. आणि आईनं मागून, कुणाकडेही न बघता सांगितलं, की शिव्या खायच्याच हायेत तर दोघं आधी न्याहारी करून जा, आप्पांच्या घरी चहासुद्धा मिळायचा न्हाय.

गाडी मांजरीच्या दिशेनं वळली. समर्थ स्कूटरपाशी आला आणि किल्ली लावायच्या आधी त्याचा अंगठा सवयीनं फोनकडे गेला. बघायचं काही राहिलेलं नव्हतं. रविवार अजून लांब होता. तो पार्किंगमध्येच एक चक्कर मारून आला, मग दुसरी.